खंडेनवमीचा ब्रश

सिंगापुरात, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर, पोळ्यांच्या डब्याशेजारी, पाचशे वर्षांपूर्वीच्या एका चित्राचा फोटो पडला होता आणि बाबा त्यातल्या माणसाच्या मांड्या निरखत होते.

“ह्याला काम येतंय,” ते म्हणाले.

“कोणाला?” गार्गीनं विचारलं.

“ज्यानं काढलंय त्याला. हे बघ. दोरी ओढायची म्हणून गडी पाठ वाकवत नाही. एक पाय धनुष्याच्या रिकिबीत, गुडघे दुमडलेले, आणि कमरेच्या पट्ट्याचा आकडा दोरीत अडकवलाय. आता हा नुसता उभा राहील. उभा राहिला की दोरी आली वर. पाठीनं नाही, मांडीनं. आमच्या शॉपमध्ये नव्या पोरांना एवढं शिकवायला दोन-दोन वर्षं जायची.”

विश्वासराव पिंपरीच्या टूलरूममधून निवृत्त झाले त्याला सहा वर्षं झाली होती, पण बोटांना अजून कळलेलं नव्हतं. टेबलावरचा चमचासुद्धा ते आधी तोलत, मग वापरत. लेकीकडे ते महिनाभरासाठी आले होते. लेक जुन्या वस्तूंची डॉक्टर, असं ते पिंपरीत सगळ्यांना सांगत. ब्रास बसाहजवळच्या एका छोट्या खासगी म्युझियममध्ये गार्गी जुनं लाकूड, हाड, चामडं, लोखंड तपासून, साफ करून, मांडण्याजोगं करायची.

या खेपेला ऑस्ट्रियातल्या एका गावाहून त्या चित्राइतकाच जुना एक क्रॉसबो आला होता. दांड्यावर आडवं बसवलेलं पोलादी धनुष्य, खाली ट्रिगरचा लांब खटका, दोरी धरून ठेवायला हरणाच्या शिंगाची सुपारीएवढी चकती. सोबत त्याचा सगळा लवाजमा: रानडुकराच्या कातड्यानं मढवलेला भाता, आखूड जाड बाण, पट्ट्याचा आकडा, आणि दोरी मागं खेचायची एक दुबेळकी तरफ, जिला तिकडचे लोक ‘शेळीचा पाय’ म्हणतात. बाबांना ते नाव फार आवडलं होतं.

“मला सांगा, आकडा मांडताना टोक वर ठेवू की खाली?” गार्गी म्हणाली. “आमच्याकडे दोन मतं आहेत.”

“विहिरीत पडलेली बादली काढताना गळाचं टोक कुठं असतं? चित्रात बघ की. वर. आणि आकडा आतल्या अंगाला झिजलेला असणार. आहे का?”

“आहे.”

“मग दोन मतं कशाला?” बाबांनी फोटो जरा लांब धरला. “आणि हा झाडाला बांधलेला कोण?”

“संत सेबास्टियन. त्याला बाण मारतायत. तोच पुढे बाणवाल्यांचा देव झाला.”

“ज्याला बाण मारले तोच?”

“तोच.”

“मोठ्या मनाचा आहे.”

स्वयंपाकघरातून गार्गीचा नवरा अमेय म्हणाला, “बाबा, आमच्या ऑफिसात तीच पद्धत. ज्याच्यावर सगळे तुटून पडतात त्यालाच मॅनेजर करतात.”

“म्हणून तुम्हाला केलं होय,” बाबा म्हणाले, आणि अमेयनं भांडी जरा जोरात लावली.

गार्गी हसली, पण तिचं लक्ष नव्हतं. म्युझियममध्ये लागून चार वर्षं झाली होती. एक पूर्ण कपाट तिच्या एकटीच्या भरवशावर सोपवलेलं हे पहिलंच. शुक्रवारी प्रदर्शनाचं उद्घाटन. क्रॉसबोबरोबर आनेलीझ नावाची एक बाई आली होती, उंच, करड्या केसांची, मोजकं बोलणारी. वस्तू जाईल तिथं जायचं आणि तिच्यावर नजर ठेवायची हे तिचं काम. काच बंद होण्याआधी ती शेवटची तपासणी करणार आणि सही देणार. सही मिळाली तर क्रॉसबो कपाटात. नाही मिळाली तर क्रॉसबो परत लाकडी पेटीत, पेटी विमानात, आणि गार्गीच्या कपाटात नुसता दिवा.

“देईल गं सही,” बाबा म्हणाले. “कामाला घाबरावं, सहीला नाही.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गार्गीनं आपल्या हत्यारांची गुंडाळी मुद्दाम घरी आणली होती. लहानपणापासूनची सवय. पिंपरीच्या घरात त्या दिवशी बाबांचा व्हर्नियर, मायक्रोमीटर, कानशी, आईची विळी, शिलाई मशीन सगळ्यांना गंध लागायचं आणि गार्गीच्या कंपासपेटीतला कर्कटकसुद्धा हक्कानं रांगेत बसायचा. इथं पाटाऐवजी चॉपिंग बोर्ड आला, झेंडू टेक्का मार्केटमधून आला, बाकी सगळं तेच.

“फक्त लोखंडाला लावा हं,” अंघोळीला जाताना ती म्हणाली. “चिमटे, कात्री, सुरी. ब्रशांना नको. ब्रश मी न पुसता तसेच वापरते.”

“बरं.”

बाबांनी चिमटे ओळीत लावले. बाबांना आपल्या आईच्या जात्यावरच्या ओवीचा ठेका तोंडपाठ; बत्तीस वर्षं त्यांनी तो कानशीच्या मागं-पुढं होण्याला जोडला होता. आत्ताही हळद-कुंकवाची बोटं फिरता फिरता ते पुटपुटत होते:

*कानस चालते माझी, लोखंडाचा भुगा सांडे,*
*लेक दूरच्या देशात, काळासंगं एकटी भांडे.*

शेवटी ब्रश उरला. बकरीच्या पांढऱ्याशुभ्र केसांचा, तळहाताएवढा रुंद. बाबांनी तो उचलला, गालाला लावून बघितला. सगळी भावंडं जेवायला बसलीत आणि एकाला दारात उभं केलंय, असं काहीतरी त्यांना वाटलं असावं. लोखंडाला मान आणि केसांना नाही, हे काही बरोबर नाही. कुंकू त्यांनी टाळलं, ते डाग पाडतं. चिमटीत कोरडी हळद घेतली आणि केस जिथं दांड्यात शिरतात तिथं हळूच सोडली. नमस्कार केला. मग रुमालानं दांडा पुसला, ब्रश दोनदा झटकला आणि जागच्या जागी ठेवला. केस पांढरे ते पांढरेच दिसत होते.

गार्गीनं कामावर पोचल्यावर चिमटे, कात्री, सुरी सगळं स्पिरिटनं पुसून घेतलं. ब्रश पुसायचं कारणच नव्हतं. प्रवासात पेटीतल्या स्पंजाचा बारीक चुरा क्रॉसबोच्या दांड्याला खालून चिकटला होता. आनेलीझला विचारून तिनं तो त्या ब्रशानं झाडून काढला. दांडा वरून खाली, खालून वर, आईनं बाळाची पाठ पुसावी तसा.

गुरुवारी दसरा. दुपारी अडीच वाजता आनेलीझनं तळघरातल्या खोलीतले दिवे मालवले आणि आपला जांभळा टॉर्च पेटवला. त्या टॉर्चच्या उजेडात डोळ्यांना एरवी न दिसणारं दिसतं. जुनं हाड निळसर होतं, जुनं रोगण हिरवट, काल-परवाचा गोंद पांढराफटक. क्रॉसबो निघण्याआधी अशाच उजेडात काढलेले फोटो तिच्या हातात होते. एक फोटो बघायची, एक वस्तू बघायची. धनुष्य ठीक. शिंगाची चकती ठीक. खटका ठीक. मग ती वाकली आणि तिनं दांड्याच्या खालून टॉर्च मारला.

दांड्याच्या पोटावर पिवळ्याधमक प्रकाशाचे फराटे उठले होते.

तिनं टॉर्च तिथंच धरला. फोटो बघितला. फोटोत तिथं काळोख होता.

“हे आमच्याकडून निघालं तेव्हा नव्हतं,” ती म्हणाली.

“नव्हतं,” गार्गी म्हणाली.

“बुरशी असू शकते. रसायन असू शकतं. काय आहे हे कळल्याशिवाय मला सही करता येणार नाही. पाच वाजेपर्यंत कळलं नाही तर मी पेटी मागवते.” आवाजात राग नव्हता. राग असता तर गार्गीला बरं वाटलं असतं.

गार्गी त्या फराट्यांकडे बघत राहिली. सगळे एकाच दिशेचे, एकाच रुंदीचे. तळहाताएवढे. बुरशी अशी ओळीनं चालत नाही. तिनं गुंडाळीतून ब्रश काढला आणि टॉर्चखाली धरला. केसांच्या मुळाशी काजव्यांचा थवा बसावा तसा पिवळा उजेड दाटला होता.

“दोन मिनिटं,” ती म्हणाली आणि बाहेर जाऊन तिनं घरी फोन लावला.

“बाबा, काल ब्रशाला हळद लावलीत?”

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

“थोडीशी. चिमटीभर. केसांना नाही, दांड्याला.”

“बाबा.”

“झटकला होता गं मी. काय झालं?”

तिनं सांगितलं. सांगताना तिला रडू यायला हवं होतं, पण सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये गालाला ब्रश लावून बसलेले बाबा तिला दिसले आणि तिला धड रडताही येईना, धड रागावताही येईना.

“काहीतरी दुसरं कारण सांगता येईल का?” बाबांनी विचारलं आणि लगेच स्वतःच म्हणाले, “नको. जॉब बिघडला की बिघडला म्हणावं. मी येतो.”

“तुम्ही येऊन काय करणार?”

“मी केलंय, मी सांगणार.”

तासाभरात ते आले. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, एकट्यानं बसायची त्यांची ही दुसरीच खेप. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला दसऱ्याचं गंध. रिसेप्शनवर छातीला व्हिजिटरचा बिल्ला लावून घेतला आणि तळघरात शिरताना, कोणी न सांगता, दोन्ही हात पाठीमागं बांधले. आनेलीझच्या नजरेतून ते सुटलं नाही.

तोवर गार्गीनं तिला सगळं सांगितलेलं होतं: हळद, म्हणजे जेवणातली, कोरडी, तेल नाही, पाणी नाही. आनेलीझला ‘काय’ समजलं होतं, ‘का’ समजलं नव्हतं.

“तुम्ही ब्रशाला मसाला लावलात,” ती बाबांना म्हणाली.

“मसाला नाही, मॅडम. मान.” बाबांचं इंग्रजी टूलरूमचं, शब्द थोडे, पण प्रत्येक मापात. “वर्षभर हत्यार आपल्यासाठी राबतं. एक दिवस आपण त्याला नमस्कार करायचा. त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. माझ्या मुलीनं लावलं, तेही चुकलंच.”

“बाबा,” गार्गी मराठीत म्हणाली, “हे आत्ता सांगायलाच हवं होतं का?”

“खरं ते खरं.”

आनेलीझनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. “आमच्या गावात क्रॉसबोवाल्यांचं मंडळ आहे,” ती सावकाश म्हणाली. “जानेवारीत, सेबास्टियनच्या दिवशी, ते धनुष्यं घेऊन चर्चमध्ये जातात. पाद्री त्यांच्यावर पाणी शिंपडतो. मी दरवर्षी सांगते, लोखंडावर पाणी नको. दरवर्षी शिंपडतो.”

“मग पुसता की नाही नंतर?”

“मीच पुसते.”

“मग झालं तर,” बाबा म्हणाले.

झालं काहीच नव्हतं. पण आनेलीझनं बाही वर सारली आणि म्हणाली, “साफ करून बघू. कोरडं असेल तर निघेल. निघालं तर मी आमच्या संचालकांना फोन करीन. ते म्हणतील तसं.”

घड्याळात चार वाजायला आले होते. खोलीत पुन्हा अंधार झाला. आनेलीझनं टॉर्च धरला. गार्गीनं नवा ब्रश आणि पेन्सिलीएवढ्या नळीचा व्हॅक्यूम घेतला आणि बोटभर बोटभर करत फराटे उचलायला लागली. पिवळं निघत होतं. जिथं हात फिरला तिथं लाकूड पुन्हा काळंशार होत होतं, फोटोतल्यासारखं. बाबा भिंतीला टेकून श्वाससुद्धा मोजून घेत होते.

मधेच गार्गीचा हात थांबला.

एका जागी पिवळं निघत नव्हतं. सगळा फराटा गेला होता, पण केसाएवढ्या बारीक रेषा तशाच चमकत होत्या. तिनं पुन्हा ब्रश फिरवला. रेषा हलल्या नाहीत. त्या पृष्ठभागावर नव्हत्याच. लाकडात होत्या. कोणीतरी टोकदार कशानं तरी ओढलेल्या, काळानं आणि मेणानं बुजलेल्या, उघड्या डोळ्यांना कधीच न दिसलेल्या. त्यांच्यात हळद जाऊन बसली होती.

“टॉर्च जरा आडवा धरा,” ती म्हणाली.

आडव्या उजेडात रेषा एकमेकींना भेटल्या. एक वाकडी चोच. एक गोल डोळा. लांब शेपूट. खाली काठी, आणि काठीवर बसलेला तो.

“राघू,” बाबा भिंतीपासून म्हणाले.

आनेलीझ आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली आणि गार्गीच्या खांद्याशी येऊन वाकली. मग तिनं टेबलावरच्या चित्रांच्या गठ्ठ्यातून एक कागद ओढून बाबांच्या पुढं धरला. जुन्या छापाचं चित्र होतं ते: गावाबाहेरचं मैदान, उंच खांब, खांबाच्या टोकाला लाकडी पोपट, आणि खाली टोप्या घातलेले लोक क्रॉसबो वर करून नेम धरतायत.

“वर्षातून एकदा,” ती म्हणाली. “जो पोपट पाडेल तो वर्षभर राजा. आम्हाला वाटायचं आमचा हा क्रॉसबो शिकारीचा आहे. कागदात तसंच लिहिलंय. शंभर वर्षं तसंच लिहिलंय.”

“तो राजाचा होता?” गार्गीनं विचारलं.

“ठाऊक नाही. कदाचित हरणाऱ्याचा असेल. जिंकणाऱ्याला पोपट कोरायची काय गरज?” आणि मग ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. हसल्यावर ती अगदीच दुसरी बाई दिसत होती.

तिनं फोटो काढले, आडव्या उजेडात, उभ्या उजेडात, माप ठेवून, माप न ठेवता. मग ऑस्ट्रियाला फोन लावायला ती बाहेर गेली. तिकडं सकाळचे दहा वाजून गेले होते. दार बंद झालं आणि आत बापलेक उरले. टेबलावर ठेवलेल्या टॉर्चचा उजेड पडून मंद निळसर झालेली शिंगाची चकती, आणि दांड्यावर तो सोनेरी राघू.

“संचालक काय म्हणतील?” बाबांनी विचारलं.

“माहीत नाही. पोपट सापडला म्हणून चूक पुसली जात नाही. त्यांनी नाही म्हटलं तर नाही.”

“हं.” बाबांनी मान हलवली. हात अजून पाठीमागंच होते. “ज्यानं हे कोरलं ना, तो मालकाची नजर चुकवून कोरत होता. खालच्या अंगाला कोरलंय बघ. वरचं साहेबाचं, खालचं आपलं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

बाबांनी एकदा बंद दाराकडे पाहिलं.

“चौदा नंबरच्या लेथला खालून बघितलं असतं कोणी, तर कळलं असतं. तू झालीस त्या दिवशी सेकंड शिफ्ट होती. सुट्टी मिळाली नाही. फोन आला शॉपमध्ये, मुलगी झाली म्हणून. मग डब्याच्या सुट्टीत खाली निजलो आणि स्क्रायबरनं तारीख काढली. नाव अजून ठेवायचं होतं. म्हणून एक चिमणी काढली.”

गार्गीनं बाबांकडे बघितलं. अंधारात त्यांच्या चेहऱ्याचं काही दिसत नव्हतं, फक्त शर्टाचा पांढरा रंग टॉर्चच्या उजेडात निळा पेटला होता.

“हे तुम्ही मला कधीच नाही सांगितलं.”

“कंपनीची मशीन ती. डॅमेज झालं ना,” बाबा म्हणाले.

दार उघडलं. आनेलीझ आत आली, फोन अजून हातातच.

“ते आधी फार चिडले,” ती म्हणाली. “मग मी पोपट पाठवला. मग त्यांनी विचारलं, ही हळद कुठल्या दुकानात मिळते.”

“आणि क्रॉसबो?” गार्गीनं विचारलं.

“राहील. पण हळद पूर्ण निघाली पाहिजे. रेषांतलीसुद्धा. फोटो आहेत, तेवढं पुरे. आणि पोपटाची जागा दिसावी म्हणून कपाटात खाली एक आरसा आणि शेजारी त्याचा फोटो लावता आला तर बघ.”

गार्गी पुन्हा वाकली. आता तिनं सगळ्यात बारीक ब्रश घेतला, तीन-चार केसांचा. आधी शेपूट गेलं. मग काठी. मग पंख. बाबा भिंतीशी ठेक्यात पुटपुटत होते, आनेलीझला वाटलं प्रार्थना चाललीय, म्हणून तिनं टॉर्च आणखी स्थिर धरला:

*पाचशे वर्सांचा राघू, लाकडाच्या पोटी वसे,*
*हळदीच्या उजेडात, लेक माझी त्याला पुसे.*

डोळा शेवटी गेला. दिवे लागले तेव्हा दांडा होता तसा तपकिरी, गप्प, जुना.

साडेपाचला आनेलीझ अहवाल लिहायला बसली. काय आढळलं: हळद, कोरडी. कुठं: दांड्याची खालची बाजू. परिणाम: काही नाही, एक कोरीव पक्षी नव्यानं आढळला. मग तिचं पेन एका चौकटीवर अडलं.

“कारण,” ती म्हणाली. “इथं काय लिहू? पूजा लिहिलं तर आमच्या विम्यावाल्यांना पाच पानं लिहून समजवावं लागेल.”

बाबांनी घसा साफ केला.

“मेंटेनन्स लिहा, मॅडम,” ते म्हणाले. “हत्यारांचा वार्षिक मेंटेनन्स.”

आनेलीझनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि तेच लिहिलं, स्वच्छ अक्षरात. खाली सही केली. कागद गार्गीकडे सरकवला. गार्गीनं सही केली. मग दोघींनी मिळून क्रॉसबो उचलला, एकीनं धनुष्याकडून, एकीनं खटक्याकडून, आणि पाठीनं नाही, मांडीनं, कपाटाकडे नेला.